एकशे सत्तावन्न मिलिमीटर

९ एप्रिल, मंगळवार

आज तीन पोस्टरं तपासणीला आली. रविवारी सकाळी बिश्केकमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी चिकटवलेली सापडली: एक बस थांब्यावर, एक बाजाराच्या फाटकावर, एक शिवणकारखान्याच्या मालकाच्या घराच्या भिंतीवर. तिसरं खरवडून काढताना कोपरा फाटला आहे. सोबतच्या पत्रात प्रश्न एकच: छापणाऱ्याची साधनं ओळखता येतील का?

कागद पातळ, तपकिरी. शिवणारे लोक कपड्यांचे नमुने कापायला वापरतात तो. कडेला टाचण्यांची भोकं. छपाई हाताने, लिनोलियममध्ये कोरलेल्या ठशावरून. शाई तेलाची, काळी. चित्रात एक बंद दार, बाहेरून कडी आणि कुलूप, खाली टाक्यांसारख्या सात रेघा. मजकूर नाही. फक्त तारीख, २६ फेब्रुवारी.

त्या दिवशी तळघरातल्या शिवणकारखान्यात आग लागली. ऑर्डर पुरी होईपर्यंत बायकांनी उठून जाऊ नये म्हणून दार बाहेरून बंद ठेवलं होतं. सात जणी गेल्या. बातमीत विजेचा दोष असं आलं, दाराचा उल्लेख नव्हता. चित्राचा विषय माझ्या तपासणीचा भाग नाही.

दाराच्या काळ्या भागात एक पांढरा ठिपका आहे, स्वल्पविरामाच्या आकाराचा. तोच थोडा खाली पुन्हा आहे, आणि त्याच्याही खाली. दोन ठिपक्यांतलं अंतर १५७ मिलिमीटर, तिन्ही पोस्टरांवर. म्हणजे ज्या रबरी रोलरने शाई लावली त्याला चीर पडलेली आहे. फेरा १५७, तर व्यास ५०. रोलर एकाच दिशेने फिरवला आहे. हात बसलेला माणूस तो उभा-आडवा फिरवतो, मग असले डाग बुजतात. घाई असावी.

वालेन्तिना सेर्गेयेव्नांनी भिंगातून पाहिलं. कागद आणि सह्या तपासण्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली आहेत, मला त्यांनीच शिकवलं. म्हणाल्या, "वा, हा तर सही करूनच गेलाय."

दुपारी बुरुलचा फोन आला. घेतला नाही. काम चालू होतं.

११ एप्रिल, गुरुवार

अहवाल दिला. पोलिसांचा कॅप्टन तालिपोव स्वतः घ्यायला आला. न विचारता टेबलावर बसतो.

"थोडक्यात सांग. मी काय शोधायचं?"

"पन्नास मिलिमीटर व्यासाचा रबरी रोलर. एक चीर असलेला."

"असे किती असतील गावात?"

"मोजलेले नाहीत."

"एल्नुरा, हसत जा गं कधी तरी. बाई आहेस का पट्टी?"

खिडकीजवळून वालेन्तिना सेर्गेयेव्ना म्हणाल्या, "पट्टीच आहे. म्हणून तर तुमचे खटले उभे राहतात."

संध्याकाळी बुरुलचा पुन्हा फोन. घेतला.

"जिवंत आहेस का?"

"आहे."

"चाळिसाव्याला आली नाहीस."

"काम होतं."

"शनिवारी?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ती म्हणाली, वीस तारखेला जुन्या छापखान्याच्या अंगणात ग्राफिक कलेचा महोत्सव आहे, तिचं टेबल आहे, शिवाय एक मोठा ठसा रोडरोलरखाली छापायचा आहे. "हात काळे करायला ये. एकटीने उरकणार नाही." मी हो म्हणाले.

बुरुल आणि मी पॉलिटेक्निकच्या छपाई विभागात पाच वर्षं एका बाकावर होतो. ती चित्रांकडे गेली, मी कागदांकडे. आगीत गेलेल्या सात जणींपैकी आयजमाल दोन वर्षं तिच्याबरोबर राहत होती, स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत. तिच्या मातीलाही मी गेले नव्हते, मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणालाही नाही. तिथे जाऊन काय करायचं असतं ते मला नीट येत नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

कॅप्टनच्या हातात महोत्सवाचं छापील पत्रक होतं. "शनिवारी गावातले सगळे रोलर एका अंगणात येणार आहेत. एकोणीस टेबलं. प्रत्येक टेबलावर लोकांना छापून देतात म्हणे. माझी माणसं पाठवली तर बुटांवरूनच ओळखतील. तुमच्यातलं कोणी जाईल का?"

वालेन्तिना सेर्गेयेव्ना म्हणाल्या, त्यांचे गुडघे दिवसभर उभं राहण्याचे राहिले नाहीत.

"मी तशीही जाणार आहे," मी म्हणाले. "मैत्रिणीबरोबर."

"हे तर उत्तमच. प्रत्येक टेबलाची एकेक छाप घेऊन ये."

मैत्रीण कोण, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आरोपी ओळखीचा असेल तर तज्ज्ञाने काम घेऊ नये असा नियम आहे. या प्रकरणात अजून कोणीच आरोपी नाही, त्यामुळे तो लागू होत नाही. नियम दोनदा वाचून खात्री करून घेतली.

२० एप्रिल, शनिवार

सव्वानऊला पोचले. बुरुल फाटकापाशी हातगाडी घेऊन उभी होती. गाडीवर घोंगडीत गुंडाळलेला ठसा. फेब्रुवारीपूर्वी पाहिली होती त्यापेक्षा बारीक झाली आहे. अंदाजे सहा किलो. तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"तीच करडी पँट."

"हो."

"टाके धरलेत?"

"धरलेत."

नोव्हेंबरमध्ये आयजमालने ती खालून आत घेऊन दिली होती, बुरुलच्या स्वयंपाकघरात बसून. मोबदला घेईना. त्याऐवजी खोटी सही कशी ओळखतात ते सांग म्हणाली. मी वीस मिनिटं सांगितलं. ती मान खाली घालून शिवत होती, ऐकते आहे असं वाटत नव्हतं. शेवटी दोरा दाताने तोडून म्हणाली, "म्हणजे खोटं लिहिणारा हळू लिहितो." इतक्या कमी शब्दांत मला ते कधी सांगता आलेलं नाही.

टेबलं मांडेपर्यंत दहा वाजले. हवेत जवसाच्या तेलाचा आणि रॉकेलचा वास. मी एकेका टेबलापाशी जाऊन छाप घेत गेले आणि मागे पेन्सिलीने टेबलाचा क्रमांक घातला. बुरुल माझ्याबरोबर हिंडत होती, सगळ्यांशी तिची ओळख.

सात नंबरला ओमोर-अता होते. एकाहत्तर वर्षांचे, म्हणून सगळे अता, आजोबा, म्हणतात. याच छापखान्यात यंत्रावर उभं राहून निवृत्त झालेले. पोस्टकार्डांवर कोंबडे आणि घोडे छापत होते.

"काय पाहिजे, पोरी? कोंबडा की घोडा?"

"दोन्ही."

"सरकारी नोकरीत दिसतेस."

बुरुल खळखळून हसली. या वर्षात तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. "अता, बरोबर ओळखलंत! ही कागद तपासते. खरा कुठला, खोटा कुठला."

"अस्सं? मग माझा कोंबडा खरा आहे का सांग. बायको म्हणायची, बदक आहे."

त्यांनी शाई घेतली. रोलरचं रबर जुनं, नारिंगी, भेगाळलेलं. व्यास पन्नासच्या आसपास. मी रोलरकडे बघते आहे हे त्यांनी पाहिलं. "चाळीस वर्षांचा आहे. टाचा फुटल्यात त्याच्या, माझ्यासारख्याच. पण चालतो अजून." कार्ड माझ्या हातात देताना म्हणाले, "कडेने धर. ओला कोंबडा चावतो."

पुढच्या टेबलावर मी क्रमांक घालत असताना बुरुलने विचारलं, "हे काय?"

"क्रमांक. मागाहून कळत नाही कुठलं कुणाचं."

"तू विसरतेस?" ती म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली.

दुपारी तंदूरमधले मांस भरलेले सामसे घेतले आणि पिंपातलं गार माक्सिम, आंबवलेल्या धान्याचं पेय. भिंतीला टेकून बसलो. तिने अर्धा सामसा खाल्ला, अर्धा रुमालात बांधला. सवय लागली आहे म्हणाली, दोघींसाठी ठेवायची.

दोनला रोडरोलर आला. रस्त्याच्या कामावरून तासाभरासाठी आणलेला. चालवणारा वैतागलेला होता. "बायांनो, हे चित्र आहे का डांबर ते आधी ठरवा. डांबर असेल तर मी दोनदा फिरवतो."

"एकदाच, बाइके, माझ्या दादा, आणि तेही झोपलेल्या पोराच्या अंगावरून फिरवल्यासारखा," बुरुल म्हणाली.

"पोरांच्या अंगावरून मी फिरवत नाही," तो म्हणाला, पण सिगरेट विझवून त्याने टोपी नीट केली.

घोंगडी काढली. ठशावर गोधडी कोरलेली, आपली तुकड्यांची असते तशी. सात आडव्या रांगा, सात उभ्या. बेचाळीस तुकड्यांत नक्षी, एकसारखी एकही नाही. सात तुकडे न कोरता तसेच ठेवलेले, ते सपाट काळे उमटणार. ते सात कशाही प्रमाणात बसवलेले नाहीत. दोन तर एकाखाली एक आले आहेत. असं का, म्हणून मी विचारलं.

"सुचलं नाही तिथे काही," ती म्हणाली.

मग पिशवीतून एक रोलर काढून माझ्या हातात दिला. मुठीला लाल दोरा गुंडाळलेला. "ओळखलास का?"

ओळखला नव्हता.

"अगं, तिसऱ्या वर्षाची डिसेंबरातली परीक्षा! रोलर पाठीवर ठेवायचा, रबरावर कधीच नाही, हे सरांनी रोज ओरडून सांगितलेलं. आणि तू रबरावरच ठेवलास. तोही नेमका चाकूवर."

तेव्हा आठवलं. १२ डिसेंबर. मला कोणीतरी दाराशी बोलावलं होतं. परत आले तेव्हा रबर चिरलं होतं.

"नवा घेऊन देते म्हणाले होते मी."

"दिला नाहीस."

"नाही."

"बरं झालं. नवे दोन आहेत माझ्याकडे. हा तुझा म्हणून ठेवलाय."

रोलर फिरवून पाहिला. चीर वाकडी, शेपटी डावीकडे. त्या क्षणी पट्टी जवळ नव्हती, पण पट्टीची गरज नव्हती. मी शाई घेतली आणि लावायला लागले. चारपाच लोक बघत होते. हात थांबवला असता तर ते दिसलं असतं.

"अगं, उभा-आडवा!" बुरुल ओरडली. "पाच वर्षं सांगून थकले. एकाच दिशेने फिरवला की रोलर स्वतःची चहाडी सांगतो."

मी तिच्याकडे पाहिलं. ती शाईकडे बघत होती. उरलेला ठसाही मी एकाच दिशेने केला. हात वळला नाही.

वर पांढरं सुती कापड पसरलं. आयजमालने अस्तरासाठी आणून ठेवलेलं, एक अख्खा तागा पडून आहे, असं बुरुल म्हणाली. त्यावर नमदा, लोकरीचा जाड थर. रोडरोलर इंचाइंचाने गेला, चालवणारा श्वास रोखून बसला होता. आम्ही दोघींनी दोन टोकं धरून कापड उचललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो यंत्रावरून उतरून बघायला आला आणि म्हणाला, "माझ्या आईकडे अशी होती."

बुरुलने कोपऱ्यात पेन्सिलीने १/७ लिहिलं.

"सातच काढणार?"

"सातच. ही पहिली तुझी."

महोत्सवासाठी सात हा आकडा फार कमी आहे. पुढच्या सहा छापा तिने स्वतः शाई लावून काढल्या, उभा-आडवा रोलर फिरवून, नव्या रोलरने. त्यांवर एकही डाग नाही. त्या तिने विकायला ठेवल्या नाहीत. गुंडाळून घेतल्या. उरलेल्या सहा जणींच्या घरी पोचवायच्या आहेत म्हणाली.

परतताना मिनीबसमध्ये जागा नव्हती. ती माझी बाही धरून उभी होती.

"कामावर काय चाललंय?"

"नेहमीचंच."

"नेहमीचंच," ती म्हणाली. तिच्या थांब्यावर उतरली आणि बस सुटेपर्यंत खाली उभी राहिली.

२१ एप्रिल, रविवार

कापड जमिनीवर पसरून मोजलं. एकाखाली एक आलेल्या काळ्या चौकोनांत ठिपके स्वच्छ दिसतात. १५७, १५७, तिसऱ्यांदा १५७.५. कापड ताणलं जातं. आकार तोच, शेपटी डावीकडे.

इस्त्री करून घडी घातली. हिवाळी रजयांच्या पेटीत तळाशी ठेवलं.

२२ एप्रिल, सोमवार

अठरा छापा दिल्या. कॅप्टनने पत्रकाशी ताडून पाहिल्या.

"एकोणिसावं टेबल?"

"तिथे कार्डं नव्हती. कापडावर रोडरोलरने छापत होते."

हे खरं आहे.

"बरं. या अठरांत सगळ्यात जवळचं कोण?"

"सात नंबरचा रोलर साधारण पन्नासचा आहे. रबर भेगाळलेलं आहे."

"म्हणजे तोच."

"तोच, असं म्हणता येत नाही."

"तो नाही, असं म्हणता येतं?"

"तसंही म्हणता येत नाही."

"मग तसंच लिही."

लिहिलं: सात क्रमांकाचा रोलर वगळता येत नाही. यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे.

वालेन्तिना सेर्गेयेव्नांनी वाचून चष्मा काढला. "कार्ड शंभर मिलिमीटरचं आणि फेरा एकशे सत्तावन्नचा. यावरून काहीच सांगता येत नाही, असं लिहायचं असतं, पोरी."

"अर्थ तोच होतो."

"नाही होत," त्या म्हणाल्या. मग खाली सही केली.

२४ एप्रिल, बुधवार

कॅप्टनचा फोन. "सापडला तुझा कोंबडेवाला. चाळीस वर्षं छापखान्यात, शाई-कागदाची सगळी माहिती, आणि मालकाच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. आणखी काय पाहिजे?"

रोलर जप्त झाला का, असं विचारलं. झाला आहे. तो माझ्याकडे पाठवा म्हणाले. आला की एका तासात सिद्ध होईल की तो नव्हे. म्हणजे जे झालं आहे ते दुरुस्त होण्यासारखं आहे.

२६ एप्रिल, शुक्रवार

रोलर आला नाही. विचारायला गेले. कॅप्टन म्हणाला, आता गरज नाही, म्हाताऱ्याने कबूल केलं. दोन दिवस बसवून ठेवलं, रक्तदाबाच्या गोळ्या घरी राहिल्या होत्या, मग शहाणा झाला. कबुलीजबाब टेबलावर उघडा होता.

सही मी उलटी पाहिली, समोरच्या बाजूने. लांबी साधारण चार सेंटिमीटर. पेन चार ठिकाणी थांबलेलं. फार हळू केलेली सही आहे. सही त्यांचीच आहे, त्यामुळे ती तपासायला माझ्याकडे येणार नाही.

आज जेवण केलं नाही. कारण लक्षात आलं नाही.

२७ एप्रिल, शनिवार

अकरा वाजता बुरुल आली, न कळवता. बूट काढले नाहीत, दारातच उभी राहिली.

"ओमोर-अतांना नेलंय."

"माहीत आहे."

"त्यांनी काही केलेलं नाही."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

मी चहाचं पाणी ठेवलं.

"एल्नुरा, ते कागद तुझ्याचकडे येतात. गावात दुसरं आहे कोण? एक तू आणि एक तुझी ती बाई."

"कामाबद्दल मी बोलत नाही."

"मग मी बोलते. माझ्याकडे तीन रोलर आहेत. दोन नवे, आरशासारखे. पोस्टरांसाठी मी ते घेतले नाहीत. आणि उभा-आडवाही फिरवला नाही."

"घाईत होतीस."

"मला कसली घाई? चाळिसाव्याची माणसं दुपारी चारला गेली. सगळी भांडी घासून झाली. तिची खोली रिकामी. घाई नव्हती मला."

"मग का?"

"तू आली नाहीस म्हणून. मातीला नाही, चाळिसाव्याला नाही, फोन उचलत नव्हतीस. म्हटलं, पोस्टर तरी बघशील. बाकीचे येता-जाता बघतील, कोणी बघणारही नाही. पण तू भिंग लावून बघशील. कडेपासून कडेपर्यंत. तिच्याकडे इतकं नीट बघणारं दुसरं कोणी मला माहीत नव्हतं. आणि तुला कळेल, मीच पाठवलंय."

पाणी उकळायला लागलं होतं.

"नऊ तारखेला मला कळलं नाही," मी म्हणाले.

"आणि वीस तारखेला?"

"कळलं. म्हणून तुझं कापड मी दिलं नाही."

"त्यांचा कोंबडा दिलास."

"मी फक्त 'वगळता येत नाही' एवढंच—"

"मला शब्द नको सांगूस गं."

"बुरुल, मी तुला वाचवलं."

"वाचव म्हणाले होते का मी? बघ म्हणाले होते."

त्यानंतर ती थोडा वेळ माझ्या पँटच्या काठाकडे बघत राहिली. मी तीच घातली होती, करडी. मग तिने विचारलं, रोलरचा अहवाल बदलता येईल का. मी सांगितलं, बदलायचा तर तो नाही हे कशावरून, असं विचारतील, आणि मग कोण, असं विचारतील.

"विचारू देत ना," ती म्हणाली.

मी गॅस बंद केला. ती गेली. दार हळू लावलं. तिचा कप स्वच्छच राहिला होता, धुवावा लागला नाही.

२९ एप्रिल, सोमवार

सकाळी साडेआठला बुरुल स्वतःहून गेली. पिशवीत रोलर, दाराचा ठसा, उरलेला तपकिरी कागद. कॅप्टन सांगत होता, की तिने दारावरच्या शिपायाला पिशवी दिली आणि म्हणाली, बाइके, जपून, शाई लागेल.

कागद आयजमालचा होता, तिच्या खोलीतला. टाचण्यांची भोकं तिच्याच हाताची. हे जबाबात आहे.

ओमोर-अतांना दुपारी सोडलं. फाटकाबाहेर बाकावर बसले ते उठलेच नाहीत. इस्पितळात नेलं. डावी बाजू हलत नाही. मी रिसेप्शनला फोन करून विचारलं. कोण बोलतंय विचारलं, तेव्हा ठेवला.

दोन गोष्टी लिहून ठेवते. एक, मी वीस तारखेच्या संध्याकाळी बोलले असते तर ओमोर-अता चालते राहिले असते. दोन, बुरुल आज जिथे आहे तिथेच असती. म्हणजे दोन माणसांऐवजी एक. हिशेब साधा आहे. तो मी रविवारी, कापड मोजतानाच करू शकले असते.

३ मे, शुक्रवार

सकाळी मोहोरबंद पाकिटात रोलर आला. मुठीला लाल दोरा. सोबत नेहमीचा छापील नमुना भरायला.

व्यास: ५० मिलिमीटर. फेरा: १५७. दोष: एक वक्र चीर, लांबी ६ मिलिमीटर, शेपटी डावीकडे. तीन पोस्टरांवरच्या खुणांशी तुलना: पूर्णपणे जुळते. इथवर चाळीस मिनिटं लागली.

पाचवा रकाना: दोषाचं कारण.

"झीज लिही," शेजारून वालेन्तिना सेर्गेयेव्ना म्हणाल्या. "सगळे झीजच लिहितात. तो रकाना कोणी वाचत नाही."

मी लिहिलं: तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या वेळी, १२ डिसेंबर, दुपारी, छपाई विभागाच्या कार्यशाळेत रोलर रबराच्या बाजूने कागद कापायच्या चाकूवर ठेवल्यामुळे. ठेवणारी व्यक्ती: प्रस्तुत तज्ज्ञ. आरोपीशी ओळख: आठ वर्षं. २० एप्रिलला हाच रोलर पाहिला व ओळखला. २२ एप्रिलच्या अहवालात ते नमूद केलं नाही.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे गेलं की अहवाल बाद. तुझे आतापर्यंतचे सगळेच उकरून काढतील. नोकरी तर जाईलच, वर तुझ्यावरही गुन्हा दाखल होईल."

"हो."

"आणि तिचा काही फायदा नाही. बाहेरून दुसरा कोणी मागवतील, तो हेच मोजेल."

"एकशे सत्तावन्नच येतील."

"मग कशासाठी, पोरी?"

"रकाना आहे म्हणून."

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. काय शोधत होत्या कळलं नाही. मग खणातून शिक्का काढून माझ्यापुढे ठेवला, लावला नाही. मी लावला.

रोलर पाकिटात परत घालायचा होता. तोवर टेबलावर ठेवला, पाठीवर, रबर वरच्या बाजूला.